फ्रेमच्या बटव्याला पाचर

संक्रांतीच्या वाणासाठी मी ५१ बटवे शिवून दिले होते. त्यातले १९ चैत्र सरायच्या आत परत आले. कापड शाबूत, शिलाई शाबूत, अस्तराला धक्का नाही. नुसती वरची फ्रेम एका हातात आणि खालचा बटवा दुसऱ्या हातात. पहिला बटवा घेऊन आलेली बाई पायरीवरूनच म्हणाली, “ताई, याची टोपीच निघाली व.” मी तो दहा मिनिटांत पुन्हा चिकटवून दिला. पंधरा दिवसांनी तोच बटवा परत. तेव्हा कुठं मशीन बंद करून बसले आणि नीट बघितलं.

फ्रेम म्हणजे ती धातूची, वर दोन घुंड्या असलेली, टक् करून मिटणारी. तिच्या दोन्ही कमानींना आतून खाच असते आणि त्या खाचेत कापडाची कड बसते. काही फ्रेमांना खाचेऐवजी भोकं असतात, सुईदोऱ्यानं शिवून घ्यायला. त्यांचं पुढं सांगते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात, इथं फ्रेम मिळत नाही. मी नागपूरला इतवारीतून डझनावर आणते. कापड मात्र इकडचंच: सेवाग्रामकडची खादी, आणि कोणी जुनं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं आणून दिलं तर त्याचा करवती काठ. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी बटव्याच्या पोटावर आली की गिऱ्हाईक भाव करत नाही, एवढं खरं.

तर परत आलेल्या बटव्यात दिसलं काय? खाचेच्या आत गोंदाची साल जशीच्या तशी चिकटलेली, आणि कापडाच्या कडेला तिचा नुसता ठसा. सुटायला सुरुवात प्रत्येक वेळी कोपऱ्यापासून. मी वापरलं होतं चपलेचं पिवळं सोल्यूशन. ते लवचिक राहतं, पण उन्हानं मऊ पडतं, आणि आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीच्या काचेमागं ठेवलेली वस्तू तर हात लावू देत नाही. माझा पहिला निष्कर्ष असा की गोंद चुकला. म्हणून झटपट चिकटणारा, थेंबाथेंबानं टाकायचा गोंद आणला. तो सुती कापडावर पडला आणि कापड गरम झालं, बोट भाजलं. हा गोंद सुतावर पडला की झपाट्यानं वाळतो आणि वाळताना ताप सोडतो, हे मला माहीत नव्हतं. वरून कापडाची कड काचेसारखी कडक झाली आणि सोनेरी फ्रेमवर पांढरी भुकटी चढली. कडक गोंद ओढ सहन करतो, पण बटवा रोज उघडताना जी सोलण्याची ओढ लागते तिच्यात तो तडकतो. तो नाद तिथंच सोडला.

उत्तर मिळालं ओसरीवर. मामाजी कुऱ्हाडीला बाभळीचा नवा दांडा बसवत होते. मी फ्रेम हातात घेऊन बडबडत होते की कोणता गोंद आणावा. ते मान वर न करता म्हणाले, “दांडा का गोंदानं राह्यते व? पाचर ठोका लागते.”

माझ्या फ्रेमची खाच मोजली: रुंदी साडेतीन मिलिमीटर, खोली पाच. खादी, फ्युजिंग (इस्त्रीनं मागून चिकटवायचं आधाराचं कापड) आणि अस्तर मिळून बोटांत दाबलं तर दीड मिलिमीटर. म्हणजे खाचेत दोन मिलिमीटर पोकळी, आणि ती मी गोंदानं भरायला निघाले होते. जिथं पोकळी आहे तिथं गोंदाचा थर जाड होतो, जाड थर मध्येच फाटतो किंवा सुटतो. खाच आधी कापडानं आणि दोरीनं गच्च भरायची. गोंद फक्त त्या भरावाला जागचं हलू देत नाही. आता मी ज्या रीतीनं बटवा बसवते ती सांगते.

सगळ्यात आधी दोरा घ्या आणि एका रिव्हेटपासून (दोन कमानी जिथं जोडल्या आहेत ती बिजागरीची खिळी) दुसऱ्या रिव्हेटपर्यंत खाचेच्या आतून दाबत न्या. बाहेरून टेप लावू नका, कोपऱ्यावर फसाल. माझी १२ सेंटिमीटरची फ्रेम आतून २२ भरते. बटव्याच्या तोंडाची एका बाजूची कड तेवढीच हवी. दोन-तीन मिलिमीटर जास्त चालते, ती कोपऱ्यात हळूच जिरवता येते. कमी मात्र अजिबात नको. कमी पडलेलं कापड कोपऱ्यावर ताणून बसवावं लागतं आणि तेच ताणलेलं कापड दुसऱ्या दिवसापासून बाहेर यायला बघतं. माझे १९ च्या १९ कोपऱ्यातून सुटले ते यामुळेच. कापड बेतायचा कागदी फर्मा मी डोळ्यानं काढला होता.

फर्मा काढायला फ्रेम कागदावर पालथी ठेवा आणि कमानीच्या बाहेरून पेन्सिल फिरवा. दोन्हीकडे रिव्हेटच्या जागी टिंब द्या. टिंबापासून खाली कड थोडी बाहेर झुकवत न्या. सरळ खाली नेली तर बटवा चपटा होतो आणि तोंड पुरतं उघडत नाही. बूड गोल ठेवा की चौकोनी, तुमची मर्जी. शिलाईचं मार्जिन टिंबाच्या खालीच द्यायचं, ७ मिलिमीटर. टिंबाच्या वरची कड खाचेत जाणार, तिथं फक्त अस्तर आणि वरचं कापड एकत्र करायला लागेल तेवढं. कमानीचा मध्य काढा आणि फर्म्यावर खूण करा, मग तीच खूण कापडावर आणि अस्तरावर खडूनं उतरवा. फ्रेमच्या मध्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा. या तीन खुणा जुळल्या नाहीत तर बटवा वाकड्या तोंडाचा होतो आणि वाकडं तोंड कितीही दाबलं तरी सरळ होत नाही.

बाजूची शिलाई कुठं थांबवायची, यावर माझी पहिली डझनभर पोरं बिघडली (बटव्यांना मी पोरंच म्हणते). शिलाई रिव्हेटच्या वर गेली तर फ्रेम उघडताना कापड बिजागरीत अडकतं. फार खाली थांबली तर बाजूला फट राहते आणि रुपयाची नाणी तिथून वाट काढतात. रिव्हेटच्या मध्याखाली तीन-चार मिलिमीटरवर थांबा आणि तिथं मशीन मागंपुढं तीनदा फिरवा. सगळा ताण त्या एका टाक्यावर येतो.

कोशाचं कापड बेतायच्या आधी मागून फ्युजिंग चिकटवा, मगच कातरा. आधी कातरलंत तर धागे सुटत जातात आणि खाचेत धरायला कडच उरत नाही. माझ्याकडे दुपारी लाइन गेली की इस्त्री थंड, म्हणून फ्युजिंगचं काम सकाळी एकदम उरकते. खादी जाड असेल तर फ्युजिंग कडेपासून पाच मिलिमीटर आत थांबवा, खाचेत नुसती खादी आणि अस्तर जाऊ द्या. पातळ कापड असेल तर फ्युजिंग कडेपर्यंत न्या. वरचं कापड आणि अस्तर उलट्या बाजूनं जोडून बटवा सुलटा केला की तोंडाच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर एक टीप मारून घ्या. ही टीप खाचेत लपते. ती नसली तर बसवताना अस्तर एकीकडे आणि खादी दुसरीकडे पळते, आणि पेचकसानं एकच थर आत जातो. वरून बटवा बसलेला दिसतो, आतून अस्तर मोकळं. परत आलेल्यांत असेही चार होते.

आता पाचर. वर्तमानपत्राचा कागद फाटतो, तो नको. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या. दोन सेंटिमीटर रुंद लांब पट्ट्या कापा. पट्टीवरून ओलं बोट फिरवा आणि देवाची लांब वात वळतो तशी तळहातानं मांडीवर वळत जा. सुरुवातीचं टोक तिरकं दुमडलं की पीळ पटकन धरतो. वळताना पीळ सैल पडला असं वाटलं तर दोन्ही टोकं दोन हातांत धरून आणखी चार आढे द्या. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची कागदी दोरी तयार होते. ती दोन खिळ्यांना ताणून बांधा आणि वाळू द्या. एका दुपारी मी वीसेक बटव्यांपुरती वळून ठेवते. रेडिओ लावला की काम कळत नाही. कागद दाबला की दबतो, गोंद पितो आणि वाळल्यावर लाकडासारखा घट्ट होतो. सुताची दोरीही चालते. सुतळीचे केस बाहेर येतात आणि ती कुठं जाड कुठं बारीक असते, तिनं काम ओबडधोबड होतं. नायलॉनची दोरी घेऊच नका. ती दबत नाही, गोंद पीत नाही आणि परत उसळी मारून बाहेर येते.

गोंदाची बाटली उघडायच्या आधी कोरडं बसवून बघा. कापड खाचेत घाला, अस्तराच्या बाजूनं दोरी दाबा, आणि फ्रेम धरून रिकामा बटवा उलटासुलटा हलवा. गोंदाशिवाय बटवा फ्रेमला लटकून राहिला तर जाडी बरोबर. पडला तर दोरी बारीक आहे, अडीच सेंटिमीटरच्या पट्टीची वळा. दोरी आत जाताना पेचकसावर जोर करावा लागून कमान फाकायला लागली तर दोरी जाड आहे. या परीक्षेला मी कधी चुकवत नाही, कारण गोंद लागल्यावर दुरुस्ती सोपी नाही.

फ्रेम नवी असली तरी खाचेत कारखान्याचं तेल असतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून काडीनं खाचेतून दोनदा फिरवा. मग पॉलिश पेपरची घडी करून आतल्या भिंती खरवडा, धातूची चमक जाईपर्यंत. बाहेरच्या मुलाम्याला पेपर लागू देऊ नका. नेलपॉलिश काढायचं पाणी वापरणाऱ्या असाल तर तेही फक्त खाचेच्या आत. बाहेर लागलं तर रंग उतरू शकतो.

गोंद दोन प्रकारचे ठेवते. खादीला सुतारकामाचा पांढरा गोंद. धातूला तो फार धरत नाही, पण कागद, सूत आणि तो मिळून जी पाचर होते ती खाचेतून निघत नाही. हात चुकला तर ओल्या फडक्यानं पुसताही येतो. कोशाला मात्र पाण्याचाही डाग पडतो, म्हणून तिथं बी-७००० नावाचा पारदर्शक गोंद, मोबाइल दुरुस्तीवाले डिस्प्ले चिकटवायला वापरतात तो. त्याच्या ट्यूबला सुईसारखं तोंड असतं, खाचेत बरोबर जातं. वाळल्यावर तो रबरासारखा लवतो. वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेवा आणि चुलीजवळ बसू नका.

गोंद किती? खाचेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, एवढाच. पांढरा गोंद खराट्याच्या काडीनं लावा, तळाला आणि दोन्ही भिंतींना. खाच भरली तर कापड आत गेल्यावर गोंद वर येणारच, आणि पांढरा दिसतो म्हणून वेळीच कळतो तरी. पारदर्शक गोंद वाळल्यावर चकाकी मारतो तेव्हा कळतो. रिव्हेटपासून अर्धा सेंटिमीटर गोंद लावू नका, बिजागरी जाम होते.

एका वेळी एकच कमान. फ्रेम पूर्ण उघडा, मध्याची खूण खुणेला लावा आणि कड आत ढकला. मग मध्यापासून डावीकडे कोपऱ्यापर्यंत, परत मध्यापासून उजवीकडे कोपऱ्यापर्यंत, आणि शेवटी कोपऱ्यापासून खाली रिव्हेटपर्यंत. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. जास्तीचं सगळं कापड शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतं. ढकलायला चपटा पेचकस घ्या, पण त्याची धार दगडावर घासून बोथट करा, नाहीतर कापड कापतं. कड तळाला टेकली की बोटाला कळतं, आणखी आत जात नाही. बाहेरून बघा: टीप दिसत असेल तर अजून आत जायचंय.

आता दोरी. ती नेहमी आतून, अस्तर आणि फ्रेमची आतली भिंत यांच्या मधल्या जागेत. परत मध्यापासूनच. पेचकस उभा धरून एक-एक सेंटिमीटर दाबत जा. कोपऱ्यावर दोरी ओढू नका, थोडी ढिली सोडून दोनदा दाबा. टोकं रिव्हेटच्या अर्धा सेंटिमीटर आधी कातरा. दोरी खाचेच्या काठाबरोबर आली पाहिजे. वर डोकावली तर बोटाला लागते आणि घाणही धरते.

पांढऱ्या गोंदाला दुसरी कमान बसवायच्या आधी निदान दोन तास द्या. पावसाळ्यात मी रात्रभर ठेवते. दुसरी झाल्यावर पूर्ण दिवस बटवा मिटायचा नाही, उघडाच ठेवायचा. मला घाई असते तेव्हा पोरगी येऊन टक्-टक् वाजवून बघते, म्हणून आता बटवे कपाटावर ठेवते.

वाळल्यावर चिमटा. दोन्ही कमानींच्या मिळून चार टोकांना, रिव्हेटच्या लगेच वर सेंटिमीटरभर जागेत, खाच पकडीनं दाबायची. नोज प्लायरच्या जबड्याला जुन्या चपलेच्या पट्ट्याचे तुकडे लावा, म्हणजे मुलाम्यावर दात उमटत नाहीत. आतली भिंत बाहेरच्या भिंतीकडे झुकली पाहिजे. बाहेरची तशीच राहू द्या, ती लोकांना दिसते. हळू, दोन-तीन वेळा थोडं-थोडं. फ्रेम ओतीव असेल तर एकदम दाबल्यावर तडकते, पत्र्याची असेल तर सहन करते. मधल्या भागात चिमटा घेऊ नका. मी सुरुवातीला सगळीकडून दाबली होती, तर कमान नागमोडी झाली आणि घुंड्या एकमेकींना भेटेनात.

भोकांच्या फ्रेमला गोंद लागत नाही, पण धीर लागतो. भोकांच्या कडांवर धार असते आणि ती दोरा कापते, म्हणून आधी सुईच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून प्रत्येक भोकातून फिरवते. दोरा दुहेरी, मेणावरून ओढलेला. मध्यावर कच्चा टाका, दोन्ही टोकांना कच्चा टाका, मग मध्यापासून साध्या धावदोऱ्यानं एका बाजूला जायचं आणि परत येताना मधली रिकामी घरं भरायची. सणावाराच्या बटव्याला भोकाभोकावर मणी ओवला तर दोरा झाकतो आणि भाव वाढतो.

गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी प्रत्येक डझनातल्या दोन बटव्यांत किलोभर तुरीची डाळ भरून फ्रेमच्या कडीनं रात्रभर खुंटीला टांगते. मोठी, २० सेंटिमीटरची हँडबॅगची फ्रेम असेल तर दोन किलो. सकाळी कोपऱ्यात नख घालून बघायचं. नख शिरलं तर तो डझन माझाच.

सुटलेला बटवा तुमच्याकडे आला तर वरून गोंद ओतून परत देऊ नका, जसा मी दिला होता. टोकांचे चिमटे पेचकसानं हळूच उघडा, कापड पूर्ण बाहेर काढा, खाचेतली जुनी साल दाभणानं खरवडा. पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात बोळा भिजवून तासभर ठेवा, मऊ पडतो. कापडाची कड कडक झाली असेल तर तेवढी कातरून नवी टीप मारा. बटवा तीन-चार मिलिमीटरनं आखूड होतो, कोणाच्या लक्षात येत नाही. मग दोरा घालून मापापासून सगळं पुन्हा.

ते १९ मी असेच उघडून बसवले, तीन दिवस लागले. एकीच्या बटव्यात अस्तराला संक्रांतीच्या हलव्याचा दाणा विरघळून चिकटला होता. गोंद लगेच निघाला. तो दाणा निघता निघेना.